पाठ

इव्हानिल्देची खुर्ची दालनाच्या पार शेवटच्या टोकाला,
त्यामुळे चित्रांचे चेहरे तिच्या वाट्याला येत नाहीत.
लिफ्टमधून उतरणारे लोक समोरून बघतात:
काचेत अधांतरी उभे संत, राण्या, कापलेली कलिंगडं,
मध्ये एक भिंत नाही,
सगळे एकाच दिशेला तोंड करून,
बस यायची असल्यासारखे.

तिला दिसतात पाठी.
इतक्या वर्षांत पाठ झाल्यात.

तिसऱ्या रांगेतल्या राणीच्या मागे लाखेचा ठिपका,
त्यात कुणाचा तरी अंगठा.
बिशपला मधोमध ठिगळ, समोरून कळतही नाही.
समुद्राच्या पाठीवर फक्त गंजाचा ओघळ
आणि पेन्सिलीतला आकडा: ४१, खोडून ४३.
आईच्या मांडीवरचं ते बाळ
एक बोट, दोन स्टेशनं, तीन जकातनाकी हिंडून आलंय,
सगळ्यांच्या चिठ्ठ्या अंगावर.
एकावर लिहिलंय, ही बाजू वर.
नाहीतर खाली डोकं वर पाय टांगलं असतं, ती म्हणते,
आणि कुणाला पत्ता लागला नसता.

माणसं थोडा वेळ चेहरा बघतात, मग नाव हवं होतं.
नावाची पट्टी मागे.
वळसा घालून येतात तिच्या बाजूला,
वाकून, ओठ हलवत वाचतात,
आणि एक हलकंसं 'असं होय' तोंडावर उमटतं.
ते ती जमवते.

खाली साओ पावलोची वाहती पावलिस्ता
आणि अख्ख्या इमारतीखाली मोकळी जागा.
लादी पुसताना खुर्ची उचलून धरावी
तशी ही काँक्रीटची पेटी चार लाल पायांवर धरलेली.
रविवारी तिथे जुनी घड्याळं विकतात, एकही चालू नसलेली.
मंगळवारी शिक्षकांचा संप.
कधी नुसताच एक माणूस, पुठ्ठ्यावर झोपलेला.

तिचा बाप इथल्या साच्यांचा सुतार.
सेआराहून अकरा दिवस
ट्रकच्या फळीवर बसून आला आणि फळ्याच ठोकत राहिला.
काँक्रीट सुकलं, फळ्या निघाल्या,
फळ्यांवर घेवड्याचे दाणे शिजले.
खांबांवर उरल्या लाकडाच्या रेषा, उलट्या.
लाल रंग नंतरचा.
ड्यूटीवर येताना ती एका खांबाला पाठ टेकते.
कंबर दुखते म्हणून, असं विचारणाऱ्याला सांगते.

गिल्व्हान तिच्या पाठचा.
सतराव्या वर्षी सोन्याच्या खाणीवर जातो म्हणाला.
फोटो एकच होता. ज्या साली घरात पाणी शिरलं
त्या साली चेहरा चहासारखा वाहून गेला.
मागची बाजू शाबूत,
आईने सांगितलेली, फोटोवाल्याने लिहिलेली:
गिल्व्हान. वय आठ. शर्ट उसना.

आज शाळेची सहल.
टायनारा नावाची एक मुलगी रांग सोडून येते, विचारते,
बाई, तुम्हाला यातलं कुठलं आवडतं?
असं कुणी विचारत नाही. शौचालय कुठे, एवढंच विचारतात.

इव्हानिल्दे उठते, गुडघे मोजत,
तिला नेते एका वीतभर कॅनव्हासच्या मागे.
कोऱ्या कापडावर चित्रकाराने ब्रश पुसलाय:
हिरवा, पिवळा, मग पुन्हा तोच हिरवा.

हे काय आहे?

हे त्यानं कुणाला दाखवायला काढलेलं नाही.

मुलगी बघते. बराच वेळ, तिच्या वयाच्या मानाने.
मग पळत वळसा घालते,
पुढे काय आहे ते बघायला.

आता चौकटीच्या कडेने, काचेपलीकडे,
अर्धा चेहरा: एक डोळा,
पडलेल्या दाताची फट,
मापाहून मोठी कॉलर.
श्वासाने काच धुरकटते, निवळते,
पुन्हा धुरकटते.

सकाळी ही काच पुसायची राहिली होती,
इव्हानिल्देच्या लक्षात येतं.
फडकं खिशातच आहे.
ती ते काढत नाही.